हजाराचा आकडा

आजही दुपारी डोळा लागता लागता नाकाशी तंबाखूचा वास दरवळतो आणि भवानी पेठेतली ती गल्ली दिसू लागते. ओट्याओट्यांवर बायका विड्या वळतायत, कात्र्यांची कुरकुर झोपेत ऐकावी तशी येतेय. तेव्हा मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो.

एका विडी कामगार बाईने फिर्याद दिली. फोनमधून तिच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे गेले होते. सोबत तशाच लुबाडलेल्या आणखी तिघी.

"साहेब, त्या बाईंनीच घेतलं की! फोनमधलं आमाला काय कळतंय?"

त्या बाई म्हणजे गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका. मारुतीच्या देवळात रोज दुपारी बायकांना मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवायच्या, तेही फुकट. फुकट शिकवणारा माणूस पोलिसाला आधी खुपतो, खोटं कशाला बोलू! भर गल्लीतून, सगळ्यांसमक्ष त्यांना जीपमध्ये बसवून मी ठाण्यात आणलं.

दोन तास चौकशी केली. बाई एकच सांगत राहिल्या, "त्या पिन टाकतात तेव्हा मी भिंतीकडे तोंड करते. विचारा त्यांना."

"व्हय, करतात खरं," फिर्यादी चाचरत म्हणाली.

पैसे कुणाच्या खात्यात गेले, हे बँकेकडून कळायला वेळ होता. मी चौघींना वेगवेगळं बसवून चिठ्ठीवर पैसे गेले तेव्हाचा आपापला पिन लिहायला लावला. चिठ्ठ्या उघडल्या. चारही चिठ्ठ्यांवर एक हजार! चौघी एकमेकींकडे बघतच राहिल्या, कारण प्रत्येकीने तो आकडा जिवापाड लपवला होता.

"अहो, हाच कसा सुचला सगळ्यांना?" मी विचारलं.

"रोज हजार विड्या द्यायच्या, साहेब. झोपेत बी हजारच मोजतो की आमी. दुसरा आकडा ध्यानात कुटं ऱ्हातोय?"

मग हा आकडा ओळखणार कोण? दिवसभर "हजार भरले का?" विचारणारा! विड्या जमा करताना बायका टोपली कारखान्यातल्या कारकुनापुढे ठेवत, तो ती मोजायला आत नेई, फोन टोपलीतच. त्याला उचलला, तर पहिल्या चहालाच कबूल झाला. बँकेचं उत्तरही जुळलं. पैसे परत मिळाले, मुलीचा प्रवेश वाचला.

पण देवळातला वर्ग बंद पडला होता. मी बाईंच्या घरी गेलो.

"बाई, चुकलं माझं."

"साहेब, तुमचा पिन काय हो?"

मी कपाळावर हात मारला. शिपाई असतानाचा माझा बक्कल नंबर! अख्ख्या ठाण्याला पाठ.

बाई पहिल्यांदाच हसल्या. "उद्या दुपारी या. पुढे बसायचं."

संशय चारचौघांत घेतला, तर माफीही चारचौघांतच मागावी लागते, हे मला त्या केसने शिकवलं. दुसऱ्या दिवशी वर्दीतच, त्याच गल्लीतून चालत देवळात गेलो आणि पुढे बसलो. हळूहळू मागे त्या चौघीही येऊन टेकल्या. मी नवा पिन टाकायला फोन काढला, आणि बाईंनी भिंतीकडे तोंड केलं.