आप्पांचा बांध आणि हरवलेली मेंढी

आमच्या घराण्यातली सगळ्यात वादग्रस्त जमीन पुठ्ठ्याची आहे आणि ती जेवणाच्या टेबलावर मावते.

तिच्या बांधावरून दोन सज्जन माणसांचं बोलणं बंद झालं, रीतसर मोजणी झाली आणि त्या मोजणीत मी अख्खं गाव उद्ध्वस्त केलं. पण हे पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फेकतोय.

आई गेल्यानंतर आप्पा, म्हणजे माझे वडील, पैठणकडच्या आमच्या गावी एकटेच राहत होते. एकदा न्हाणीत घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. मग मी त्यांना मुकुंदवाडीला आमच्या फ्लॅटवर आणलं. आणलं म्हणजे काय, देहाने आणलं! मन तिकडंच, कापसात. गॅलरीत बसून ते स्टेशनावर थांबणाऱ्या गाड्या बघायचे आणि रोज जाहीर करायचे, "रविवारी मी जातो गावाकडं. हितं करमत नाय." शनिवारी ते पिशवी भरायचे आणि रविवारी माझी बायको सुनीता काहीतरी निमित्त काढून ती रिकामी करायची. निमित्तं संपत आली होती. (पाहुणे, उपवास, नळाला न आलेलं पाणी, सगळं वापरून झालं होतं.) मला मात्र एकच धास्ती. गावी पुन्हा पडले आणि त्या दिवशी दूधवाला आलाच नाही तर?

पुण्यात शिकणाऱ्या आमच्या लेकीने, मिथिलाने, यावर इलाज म्हणून एक भलाथोरला खोका पाठवला. आत शेतीचा खेळ! फासा टाका आणि नशिबाला शिव्या द्या, असला नव्हे. यात प्रत्येकाला शेत, गडी आणि जनावरं. आपला गडी नांगरायला पाठवायचा, लाकडं आणायला की बाजाराला, ते डोकं लावून ठरवायचं. एका जागी कुणाचा गडी जाऊन बसला, की दुसऱ्याला तिथं मज्जाव. कुंपणाला लाकडी काड्या आणि बोराच्या बीएवढ्या पांढऱ्या मेंढ्या.

"बाबा, आप्पांना मजा येईल," मिथिला फोनवर म्हणाली. "फक्त तू नियम समजावत बसू नकोस."

मी नियम समजावत बसलो.

मी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. सूचना वाचल्याशिवाय वस्तू वापरणं मला पाप वाटतं. इंग्रजी पुस्तिकेचं पानन् पान मी मराठी करून, आवाजाच्या चढउतारांसह वाचलं. सुनीता बसल्या जागी झोपली. आप्पा जांभई देत म्हणाले, "दिगू, एवढ्या येळात खरी पेरणी उरकली असती की रं!"

माझा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे कादरीचाचा वर आले. जन्मभर कपड्याचं दुकान चालवून त्यांनी ते आता मुलांच्या हवाली केलंय आणि दुपारी काय करावं हा त्यांच्यापुढे मोठा प्रश्न असतो.

"क्या बेटा, प्रवचन रख्या क्या घरमें?" त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "शेती? हमारे खानदान में किसीने नांगर को हाथ नहीं लगाया. आप्पा, सिखाव मेरेकू!"

आणि तीन महिने 'हं', 'नाय' आणि 'जातो गावाकडं' यापलीकडे न बोललेले आप्पा चक्क बोलायला लागले! "चाचा, मेंढ्या आवरा, माझ्या गव्हात घुसतील!" "एक मेंढी के दो लाकडं? आप्पा, दुकान बंद करवाते क्या मेरा?" दर रविवारी दुपारी हा बाजार भरू लागला. शनिवारची पिशवी खुंटीवरच राहू लागली. मी दोघांकडून सपाटून हरायचो आणि मनातून इतका सुखावायचो, की सुनीताला वाटायचं मला नियमच कळलेले नाहीत.

मग तो रविवार आला. डाव ऐन रंगात होता. मी चहा आणि भज्यांचा ट्रे आणून टेबलावर ठेवला. आप्पांनी भजं उचललं, शेतावर नजर टाकली आणि भजं तसंच खाली ठेवलं. त्यांच्या आणि चाचांच्या शेतांमधली काडी आप्पांच्या बाजूला नखभर सरकली होती.

इथे एक सांगायला हवं. बांधावरून चुलतभावाशी भांडण्यात आप्पांची अर्धी हयात गेलीय. ते रोज पहाटे उठून आधी बांध बघायचे, मग चूळ भरायचे.

"चाचा," आप्पांचा आवाज खर्जात गेला, "बांध कोरला तुम्ही."

"अजी, मैं काइकू कोरूंगा? पिछले महिने तक मेरेकू बांध क्या होता, वो बी नहीं मालूम था!"

"समदे असंच म्हणतात. माझा चुलतभाऊबी असंच म्हणायचा."

चुलतभावाची अख्खी कहाणी चाचांना पाठ होती. आप्पांच्या तोंडी याहून मोठी शिवी नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. ते उठले. भजी न खाता उठले! आमच्या इमारतीच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. "खुदा हाफिज," एवढंच म्हणून जिना उतरून गेले.

त्यानंतर जिन्यात समोरासमोर आले, तर दोघंही भिंतीचा रंग तपासू लागले. पटाला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती, कारण तो पुरावा होता! आठवडाभर आम्ही जमिनीवर बसून जेवलो. आणि गुरुवारीच आप्पांनी पिशवी भरली. या खेपेला तिच्यात अडकित्ता गेला. बाकी सगळं नेलं तरी आप्पा पुन्हा येऊ शकतात, पण अडकित्ता भरला म्हणजे कायमचं निघाले.

"रविवारी जातो. हितं शेजार नाय राहिला," ते म्हणाले. या वेळी सुनीताकडेही निमित्त नव्हतं.

मी नियमांची पुस्तिका पुन्हा उघडली. बांध सरकल्यास काय करावं, याबद्दल तिच्यात चकार शब्द नव्हता. (ती ज्या मुलखात छापली, तिथे चुलतभाऊ नसावेत.) शेवटी सुनीताच म्हणाली, "अहो, गावाकडं अशा वेळी मोजणी लावतात ना? मग लावा की! दोघांना समोर बसवा, पंच बोलवा."

रविवारी सकाळी मोजणी लागली. चाचा आले आणि पंच म्हणून खालांना, म्हणजे आपल्या बेगमना, घेऊन आले. आमच्याकडून पंच सुनीता. पुरावा हलू नये म्हणून पंखा बंद. हद्दीच्या खुणांना तुरीचे दाणे. मोजणीदार अर्थातच मी! शिलाई मशीनची टेप गळ्यात, पेन कानावर, चेहऱ्यावर सरकार. दारापाशी आप्पांची भरलेली पिशवी.

"कुणी हात लावायचा नाही," मी दरडावलं. "हे शास्त्राचं काम आहे." पलीकडच्या हद्दीला टेप लावायला मी टेबलावर ओणवा झालो. हात पोचला. पण हाताच्या आधी माझं पोट पोचलं होतं.

घामाने ओला झालेला शर्ट पटाला चिकटला, मी दचकून मागे झालो आणि माझ्यासोबत पटही आला! घरं, गहू, गडी, मेंढ्या, तुरीचे दाणे, सगळं गाव फरशीवर.

एक मेंढी घरंगळत सोफ्याखाली गेली.

"दिगू!" आप्पा गरजले. "वाटोळं केलंस की रं समद्या गावाचं!"

"बेटा, भूकंप बी आता तो पहिले कुत्ते भौंकते!" चाचाही ओरडले.

आप्पा एकदम थांबले. माझ्या पोटाकडे पाहिलं, टेबलाच्या कडेकडे पाहिलं. "चाचा... त्या दिशीबी ट्रे ठेवताना ह्याचीच ढेरी लागली आसंल!"

"हौ आप्पा! यहीच हुआ होंगा! आपुन काइकू लडे फिर?"

माझी बाजू कुणी विचारली नाही. विचारली असती तरी ती पोटाएवढी मोठी नव्हती. दोन्ही म्हातारे गुडघे टेकून सोफ्याखाली मेंढ्या शोधू लागले.

"चाचा, ही तुमची मेंढी बघा हितं."

"रहने दो आप्पा, तुमच्याच रानात चरू दे."

आप्पांनी मेंढी सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "चुकलो, चाचा."

"अरे छोडो जी. भजी है क्या घरमें?"

सगळं सापडलं. सापडली नाही ती फक्त आप्पांची एक मेंढी. आप्पांनी दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग सोफ्याकडे. "मेंढी घावल्याबिगर मी कुठं जात नाय. जित्राब वाऱ्यावर सोडून जातं का कुणी?" सुनीताने पुढचं वाक्य येण्याआधी पिशवीतून अडकित्ता बाहेर काढला.

संध्याकाळी कपडे बदलताना मेंढी सापडली. माझ्याच पँटच्या दुमडीत! मी ती आप्पांना द्यायला निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत फिरलो. जुन्या चष्म्याच्या डबीत घालून कपाटात ठेवून दिली.

तेव्हापासून आप्पा आमच्याकडेच आहेत. मेंढीच्या जागी शर्टाचं पांढरं बटण चरतं. दर रविवारी डावाआधी तिचा शोध होतो आणि सगळ्यात मनापासून मी शोधतो, बॅटरी घेऊन. सकाळी उठून गॅलरीत आप्पांची खुर्ची भरलेली दिसली, की मला मिथिलाचे, चाचांचे, त्या खोक्याचे आणि (आयुष्यात प्रथमच) माझ्या पोटाचे आभार मानावेसे वाटतात.

गेल्या रविवारी मी असाच सोफ्याखाली शिरलो होतो. वर आप्पा सुपारी कातरत बसले होते. हळूच म्हणाले, "दिगू, जुन्या चष्म्याच्या डबीत गुदमरंल की रं ती. मधीमधी झाकण उघडत जा."

मी बॅटरी विझवली. "आप्पा... तुम्हाला कधी कळलं?"

"तू ठिवली त्याच्या दुसऱ्याच दिशी. चष्मा हुडकत होतो." आणि मग जिन्याच्या दिशेने मोठ्याने, "या चाचा, या! नाय हो, आजबी नाय घावली!"

त्या खेळात मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही. आप्पांवर हा एक डाव तरी बेमालूम टाकला, अशा गुर्मीत मी इतके दिवस होतो. ती गुर्मी तिथंच सोडून बाहेर यायला निघालो, तर पोट अडकलं. शेवटी दोन्ही जमीनदारांनी एकेक पाय धरून मला ओढून काढलं.