मोटारीच्या पाण्यातलं तेल

संस्थानं विलीन होत होती, त्या दिवसांत लग्न होऊन मी बुऱ्हाणपुरात आले. राजेरजवाड्यांच्या घरच्या वस्तू तेव्हा कुठे कुठे विकायला निघत. माझ्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. ते एकदा माळव्याकडे माल पोहोचवायला गेले आणि कुठल्याशा छोट्या संस्थानिकाची जुनी मोटार घेऊन परतले. मोटारीबरोबर तिचा ड्रायव्हरही आला. दरबार गेला तरी त्याच्या सवयी गेल्या नव्हत्या. मामंजींना तो 'हुजूर' म्हणायचा आणि दार उघडताना टाचा जुळवायचा. मामंजींना हे इतकं आवडलं की काही काम नसतानाही ते मोटारीत बसायचे आणि लगेच उतरायचे.

मोटार बघायला चांदनी गावाहून मामंजींचे थोरले भाऊ आले. त्यांची केळीची आणि कापसाची शेती. मोटारीभोवती फिरून त्यांनी टायर दाबून पाहिले, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "जनावर देखणं हाये. पन लवकर तापतं." सासूबाई हसल्या. ते हसले नाहीत.

चैत्रात इच्छापूरला देवीच्या दर्शनाला जायचं ठरलं. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघे मामंजी, मागे सासूबाई, मी आणि दशम्यांचं गाठोडं. यांना दुकान सांभाळायला ठेवलं होतं. गाव सुटून थोडं पुढे गेलो नाही तोच बॉनेटमधून वाफ यायला लागली. ड्रायव्हरने मोटार लिंबाखाली उभी केली, जरा थांबून हाताला फडकं गुंडाळलं आणि रेडिएटरचं झाकण उघडलं. आत बघून त्याचा चेहरा पडला. आम्ही सगळे वाकलो. आमटीवर तर्री यावी तसे पाण्यावर तेलाचे पिवळे चट्टे तरंगत होते.

"हुजूर," तो म्हणाला, "पानी में तेल आ गया. गॅसकेट फट गया."

मग त्याने समजावून सांगितलं. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये गॅसकेट नावाची एक पट्टी असते. तेल तेलाच्या जागी आणि पाणी पाण्याच्या जागी ठेवणं हे तिचं काम. ती फाटली की दोन्ही एक होतात. आता खंडव्याहून मिस्त्री आणायचा आणि इंजिन उघडायचं, दुसरा इलाज नाही.

परत येताना एका शेतकऱ्याचे बैल मोटारीला जुंपले. थोरले मामंजी पुढच्या सीटवर बसूनच होते. तसेच आम्ही भर वस्तीतल्या शनवाऱ्यातून घरी आलो. मामंजींनी रुमालाने तोंड झाकलं होतं. थोरले मामंजी मात्र ओळखीच्या प्रत्येकाला हात करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरापुढे गर्दी जमली. गल्लीतले विणकर माग थांबवून आले. जो येई तो रेडिएटरमध्ये बोट बुडवून बघे आणि मान हलवी. मामंजींना मात्र इंजिन उघडायचं नव्हतं. त्यांनी ड्रायव्हरला इंजिनाचं तेल मोजायची पट्टी काढायला लावली. तेल काळंभोर होतं आणि नेहमीइतकंच होतं.

"गॅसकेट फाटलं असतं तर यात पाणी शिरलं असतं ना?" मामंजींनी विचारलं.

शिरलं असतं तर तेल ताकासारखं पांढरट झालं असतं, हे ड्रायव्हरने कबूल केलं. पण कधी कधी एकाच बाजूने गळतं, असंही म्हणाला. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. गॅसकेट फाटलं की येतात तसे बुडबुडे पाण्यात आले नाहीत. तरी तो गॅसकेट सोडेना. मामंजींनी दुकानातून मलमलीची चिंधी आणवली आणि तिच्यावर इंजिनातल्या आणि पाण्यावरच्या तेलाचा एकेक थेंब टाकला. एक डाग काळा पडला, दुसरा पिवळा. चिंधी हातोहात फिरत सासूबाईंकडे आली.

मी त्यांच्या मागे पदर ओढून उभी होते. चिंधीचा वास आला आणि मला एकदम माहेरचं स्वयंपाकघर आठवलं. मी सासूबाईंच्या कानात म्हटलं, "हे जवसाचं तेल आहे."

"सूनबाई म्हणते, जवसाचं आहे," सासूबाई मोठ्यांदा म्हणाल्या.

मामंजींनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "तिला विचार, मोटारीत जवस कुठून येणार?"

मी परगावी असल्यासारखा सासूबाईंनी तोच प्रश्न मला पुन्हा विचारला.

"ते मला काय ठाऊक?" मी पुटपुटले. "पण वास जवसाचाच आहे."

"तिला ठाऊक नाही," सासूबाईंनी जाहीर केलं, "पण नाक पक्कं आहे तिचं."

आता चिंधी हुंगायला झुंबड उडाली. ड्रायव्हर म्हणाला, जवस असो की आणखी काही, इंजिन उघडल्याशिवाय कळणार नाही. मामंजी थकले होते. "बोलवा खंडव्याच्या मिस्त्रीला," ते म्हणाले.

तेवढ्यात ओट्यावर सुपारी कातरत बसलेले थोरले मामंजी उठले.

"अरे, तिचं पोट कायले फाडता? तेल मी पाजलं."

"पाजलं?"

"मंग! तिले लांब न्यायची होती ना? बैलाले पाजतो तसं पाजलं. तोंड उघडलं नं वतलं. बैल किती तरास देतो! हिनं एक थेंब सांडला नाही."

"दादा, मग कालपासून गप्प का बसलात?"

"तुम्ही सारे इंजिनाचं तेल, इंजिनाचं तेल करत व्हता. माझं तर जिरलं असंल म्हनलं."

मी पदर तोंडात कोंबला. उपयोग झाला नाही. आधी मी हसले, मग सासूबाई, मग सगळी गल्ली. मामंजी तेवढे भावाकडे बघत उभे होते. शेवटी त्यांचेही खांदे हलायला लागले.

तेल बाहेर काढणं सोपं नव्हतं. सासूबाईंनी हंडाभर रिठे उकळले. ते पाणी रेडिएटरमध्ये ओतून इंजिन चालू केलं, तर फेस वर येऊन बॉनेटवरून ओघळत गटारापर्यंत गेला. ड्रायव्हर घोट्यापर्यंत फेसात उभा होता, टाचा जुळवून. दोन दिवस हेच चाललं, कधी रिठे, कधी धुण्याचा सोडा. पाणी स्वच्छ येऊ लागलं तेव्हा तेलाने फुगून मऊ पडलेली रबरी नळी तेवढी बदलावी लागली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा निघालो. थोरल्या मामंजींना जरा अवघडल्यासारखं झालं होतं. मी बैलगाडीनं येतो म्हणाले. मामंजींनी त्यांना हाताला धरून पुढे बसवलं. या वेळी मोटार थेट इच्छापूरला जाऊन थांबली. देवळात थोरल्या मामंजींनी बराच वेळ हात जोडले. बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय मागितलं एवढं?"

"पोरीचं नाक असंच राहू दे म्हनलं," ते म्हणाले आणि दशम्यांचं गाठोडं सोडायला बसले.