व्याह्यांच्या गाडीतली डावी जागा

रिकाम्या जागेला प्रश्न विचारणारा, आणि तिच्याकडून होकार आल्याशिवाय गाडी पुढे न नेणारा मनुष्य वाहन चालवण्यास योग्य समजावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम गेल्या वर्षी माझ्यावर सोपवण्यात आले. तो मनुष्य म्हणजे माझे व्याही, माझ्या सुनेचे वडील. प्रारंभीच एक विधान करून ठेवतो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून त्यांच्याइतकी काळजीपूर्वक गाडी चालवणारा दुसरा मनुष्य सापडणार नाही. आणि ज्याच्या गाडीत बसल्यावर मानेवर इतका काटा येतो, असाही दुसरा सापडणार नाही. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत, हे पुढे वाचकांच्या लक्षात येईल.

व्याही कडेगावजवळच्या एका खेड्यात राहतात. त्यांनी सैन्यात बावीस वर्षे जड वाहने चालवली. गावात त्यांना सगळे ‘मेजर’ म्हणतात. ते मेजर नव्हते, हे त्यांनी अनेकदा सांगून पाहिले आणि मग सोडून दिले. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली, आणि तिला सैन्याचे सगळे नियम लागू केले. जीप दहा पावले हलवायची असली, तरी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी होते, चारही टायरांवर छडीचा एकेक ठोका पडतो, आणि वहीत वेळेसह नोंद होते. ती वही मी पाहिली आहे. तिच्यात एका पानावर ‘शेड ते विहीर. रस्ता ठीक. अडचण नाही.’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले आहे. विहीर शेडमधून दिसते. मी सदतीस वर्षे इस्लामपूरला भूमिती शिकवली. इतक्या काटेकोर वह्या माझ्या एकाही विद्यार्थ्याकडे नव्हत्या, हे मी खेदाने नमूद करतो.

खरी अडचण होती ती डाव्या बाजूच्या पुढच्या जागेची. त्या जागेवर कोणी बसायचे नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आमची मंडळी सहज तिथे जाऊन बसल्या, तेव्हा व्याही गाडीबाहेर टोपी हातात धरून उभे राहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, “वैनी, तिथं मानूस हाय.” आमची मंडळी उतरल्या त्या उतरल्याच, आजतागायत त्या जीपच्या मागच्या बाकावरदेखील बसलेल्या नाहीत. पाऊस आला की व्याही प्रथम त्या बाजूची काच वर करतात, मग स्वतःची. वाटेत थांबले की थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओततात. आणि प्रत्येक वळणावर, प्रत्येक चौकात गाडी थांबवून, समोर पाहतच डावीकडे विचारतात, “डावी बाजू मोकळी हाय का रं?” मग वाट पाहतात. मग “बरं” म्हणतात आणि निघतात. ही वाट पाहणे कधी दोन सेकंदांचे असते, कधी चार मिनिटांचे. उसाच्या हंगामात कडेगावच्या चौकात ते असेच थांबलेले असताना, मागे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर तुंबले. एक ट्रॅक्टरवाला उतरून आला आणि म्हणाला की आवं मेजर, रस्ता मोकळाच हाय की, कुनाची वाट बघताय. व्याह्यांनी नुसते बोट डावीकडे केले आणि होकाराची वाट बघतोय म्हणून सांगितले. त्या गड्याने रिकाम्या जागेकडे पाहिले, परत जाऊन ट्रॅक्टर बंद केला, आणि म्हणे हात जोडून बसला.

ही हकिकत सुनेच्या कानावर गेली. तिने ठरवले की वडिलांकडून किल्ली काढून घ्यायची आणि जीप भंगारात द्यायची. मात्र ती न्यायी मुलगी आहे. ती मला म्हणाली, “मामा, तुम्ही परीक्षा घ्या. तुम्ही नापास केलंत तर बाबा ऐकतील. माझं ते ऐकणार नाहीत.” मी रीतसर परीक्षा घेतली. दृष्टी: लांबच्या एस.टी.ची पाटी त्यांनी माझ्याआधी वाचली. हात: भरलेली कळशी एका हाताने उंच धरली, पाणी हलले नाही. स्मरण: कडेगाव ते कराडपर्यंतचे सगळे गतिरोधक त्यांनी क्रमाने सांगितले, आणि त्यांतले कोणते बेकायदा आहेत तेही. उरला एकच प्रश्न, डाव्या जागेचा. तो मी सरळ विचारला. त्यांनी समजावून सांगितले की सैन्याच्या मोठ्या गाडीत डावीकडे को-ड्रायव्हर बसतो. उजवीकडे बसलेल्याला डावी कड दिसत नाही, आणि सीमेवरच्या डोंगरात डावी कड म्हणजे दरी. तेव्हा तो मोकळी म्हणाला तरच चाक फिरवायचे. मी म्हटले, व्याहीबुवा, हे समजले. पण आता तो कुठे आहे? त्यावर ते हसून म्हणाले, “रजेवर हाय. पन ड्यूटी त्याचीच हाय अजून.”

वर्षातून एकदा, भाद्रपदात, व्याही जीप घेऊन एकटेच लांबच्या प्रवासाला जात. कराड, पाटण करून कोयनेच्या बाजूला जातात, एवढेच घरात माहीत होते. कोणाला बरोबर नेत नसत. सुनेच्या सांगण्यावरून मी मुलाची लहान मोटार घेतली आणि त्यांच्या मागे, सात-आठ विजेच्या खांबांचे अंतर राखून निघालो. हेरगिरी हा शब्द मला आवडत नाही. मी तिला निरीक्षण म्हणेन. कराडपर्यंत उन्हे होती. पाटण सोडले आणि धुके उतरू लागले. कोयनानगर चार-पाच मैलांवर राहिले तेव्हा ते इतके दाट झाले, की पुढच्या जीपचे फक्त तांबडे दिवे दिसत होते. एका वळणाच्या तोंडाशी ते दिवे थांबले. दिवे सुटू नयेत म्हणून मी अंतर कमी करत आलो होतो, तो मीही जवळच मागे थांबलो. जीपचे इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले.

मी सवयीने घड्याळ पाहिले: अकरा वाजून दहा मिनिटे. दिवस होता, तरी उजेड कुठून येतो आहे हे कळत नव्हते. झाडांवरून पाणी ठिबकत होते, त्याखेरीज आवाज नव्हता. मी काच खाली केली. धुक्यातून व्याह्यांचा आवाज आला, अगदी शांत, शेजारच्याशी बोलावे तसा. “काय झालं रं?” मग बराच वेळ काही नाही. मग “बरं, बरं.” नंतर धुके जरा हलले, आणि जीपचे डावे दार उघडलेले मला दिसले. व्याही उजव्या दाराने उतरत होते. डाव्या दाराची खिटी सैल आहे, हे मी नंतर स्वतः तपासले. पण ते नंतर. त्या क्षणी मला पायथागोरसचा सिद्धान्तही आठवला नसता.

ते धुक्यातून सरळ माझ्या मोटारीकडे चालत आले आणि खिडकीशी वाकले. “गुरुजी, कराडापासनं मागं हाय तुमी. ह्यानं मला तवाच सांगितलं. उतरा, चहा घ्या.” परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या मुलांचे चेहरे मी पुष्कळ पाहिले होते, तसा स्वतःचा असू शकतो याची कल्पना नव्हती. जीपच्या टपावर थर्मास होता, आणि त्या दिवशी पेले तीन होते. तिसरा त्यांनी भरून डाव्या पायरीवर ठेवला.

मग त्यांनी बिघाड दाखवला. डिझेलच्या पायपावरची पकड ढिली होऊन आत हवा शिरली होती. त्यांनी पकड आवळली, एक नट सैल केला आणि हाताने छोटा पंप दाबत राहिले. फसफसत बुडबुडे आले, ते संपून नुसते डिझेल येऊ लागल्यावर नट आवळला. कारण स्पष्ट होते, उपाय स्पष्ट होता. ते काम करताना सहज म्हणाले की वळणावर नेहमीसारखे विचारले, पण जबाब आला नाही. म्हणून पाय काढला, तर गाडीच मेली. मी पाय मोकळे करायला पुढे गेलो. बोनेटपासून मोजून चौदा पावलांवर रस्त्याची डावी कड नव्हती. पावसाने खालची माती वाहून नेली होती, वरचे डांबर जिभेसारखे पुढे आलेले होते, आणि त्याच्या खाली फक्त धुके होते. दगड नाही, फांदी नाही, खूण नाही. उजवीकडे बसलेल्याला ती कड दिसली नसती. मी ते दोनदा बसून पाहिले.

पायपावरच्या पकडीला रस्ता कळत नाही. हे मी मोठ्याने म्हणालो, असे वाटते. कारण व्याह्यांनी मान हलवून त्याला दुजोरा दिला. आम्ही दोघांनी दगड ओढून आडवे लावले, वर एक फांदी रोवली, आणि कड सोडून, डोंगराच्या अंगाने दोन्ही गाड्या काढल्या. निघताना पायरीवरचा तिसरा पेला रिकामा होता. तो कलंडला असेल. जमीन आधीच ओली असल्याने हे पडताळून पाहता आले नाही.

कोयनानगरच्या वसाहतीत, एका चाळीतल्या घरासमोर व्याही थांबले. दार उघडले ते एका वयस्कर बाईंनी. आत खिडकीपाशी, खुर्चीत, एक उंच म्हातारा मनुष्य बसला होता. त्याचे एक अंग लुळे होते. तोच तो को-ड्रायव्हर. तो जिवंत आहे हे पाहून मला आनंद व्हायला हवा होता. खरे सांगायचे तर मी एक पाऊल मागे सरलो. त्याच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला एक रिकामे स्टूल होते. बाई म्हणाल्या की अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या स्टुलावर ते कोणाला बसू देत नाहीत, नातवालाही नाही. बोलणेही गेले. तीन शब्द उरले: मोकळी, चल आणि थांब. पहिले दोन दिवसभर चालतात, भिंतीकडे बघून, कोणी विचारले नसताना. तिसरा क्वचितच. मग बाई व्याह्यांकडे वळून म्हणाल्या, “भावजी, आज सकाळी लय वरडलं. थांब, थांब म्हनून. हातातला चहाचा पेला फेकला बगा.”

मी किती वाजता म्हणून विचारले. सव्वा अकराला, त्या म्हणाल्या. मी भिंतीवरचे घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून पाहिले. ते पाच मिनिटे पुढे होते. वजाबाकी वाचकांनी करावी. मी पुन्हा विचारले, अगदी सव्वाच? त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिले. “गुरुजी, चहा पुसत व्हते मी. सव्वा म्हंजे सव्वाच्या आसपास.” तेव्हा पुरावा म्हणून याचे मूल्य मर्यादित आहे, हे मला मान्य करावे लागते.

व्याही स्टुलावर जाऊन बसले. दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हते. समोरच्या लोखंडी कपाटाकडे पाहत होते. व्याह्यांनी विचारले, “डावी बाजू?” म्हाताऱ्याने मान हळूहळू खिडकीकडे वळवली, बाहेर नीट पाहिले, जितका वेळ पाहायला हवे तितका वेळ पाहिले आणि म्हणाला, “मोकळी.” व्याह्यांनी “बरं” म्हटले. असे ते दीड तास चालले. मधे एकदा दोघेही कशाला तरी हसले, तो बहुधा कुठल्या तरी जुन्या रस्त्यावरचा खड्डा असावा. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. मला हळू आवाजात म्हणाल्या की ह्यांचे हे एवढेच बोलणे राहिले आहे.

परत निघताना व्याह्यांनी जीपभोवती फेरी मारली, टायर ठोकले, आणि वही उघडून ती तशीच बंद केली. “पोरगी किल्ली घेनार हाय, मला ठावं हाय,” ते म्हणाले. “घेऊ दे. म्हातारा झालो मी. पन गुरुजी, गाडी हुबी केली म्हनून त्याला कोन सांगनार? त्यो तिकडं बगतच बसंल की.”

मी त्यांना पास केले. सुनेला चार ओळींचा अहवाल दिला: दृष्टी, हात, स्मरण समाधानकारक; सावधगिरी असाधारण; मागच्या बाकावर मी बसेन या अटीवर किल्ली त्यांच्याकडे राहू द्यावी. तुटलेल्या कडेचा उल्लेख मी केला नाही. ज्याचे उत्तर मला येत नाही अशा प्रश्नाला पूर्ण गुण देण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिली वेळ, आणि सून हे वाचेल तेव्हा माझ्याकडून खुलासा मागेल याची मला कल्पना आहे.

आता आम्ही दर महिन्याला जातो. मी मागे बसतो. अलीकडे म्हाताऱ्याचा आवाज खोल गेला आहे. डावीकडे पाहून ‘मोकळी’ म्हणायला त्याला फार वेळ लागतो. आणि रस्त्यात, वळणावर, व्याह्यांचे थांबणेही लांबू लागले आहे. मागच्या वेळी एका वळणावर आम्ही इतका वेळ थांबलो, की इंजिन बंद करावे लागले. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोर पाहत, व्याही नुसते ऐकत होते. मागच्या बाकावर मीही श्वास रोखून ऐकत होतो. कितीतरी वेळाने ते “बरं” म्हणाले. मला काहीही ऐकू आलेले नव्हते.

या दोन विलंबांचा परस्परसंबंध आहे की नाही, हे एकट्या माणसाला ठरवता येणार नाही, कारण मी एका वेळी एकाच ठिकाणी असतो. म्हणून वाचकांना साधी विनंती आहे. माझ्या शब्दावर विसंबू नये. ज्यांना शक्य असेल त्यांनी मला विचारून यावे. एकाने जीपमध्ये बसावे, एकाने त्या खुर्चीजवळ. घड्याळे आधी जुळवून घ्यावीत, ऐकू येईल ते मिनिटासह लिहावे, आणि नंतरच एकमेकांना सांगावे. फक्त हे लवकर करावे.