दूधवालीवर घेतलेला संशय

खंडाळ्याच्या त्या बंगल्यातलं प्रकरण इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेलं नाही. तेव्हा मी लोणावळ्याला फौजदार होतो. बंगला घाटात रेल्वे आली त्या काळातला, जुना दगडी. भर पावसात तिथे हवापालटाला उतरलेले मुंबईचे एक वृद्ध वकील सकाळी अंथरुणात मृत सापडले. अंगावर जखम नव्हती, काही चोरीला गेलं नव्हतं.

वकिलांच्या पुतण्याने दूधवालीवर संशय घेऊन फिर्याद दिली. ती बंगल्याच्या माळ्याची बायको; म्हशी पाळून आसपासच्या बंगल्यांना दूध घालायची. दुधात पाणी घातल्यावरून वकिलांनी आदल्याच दिवशी तिला चारचौघांत झाडलं होतं. संध्याकाळी ते तिच्याच हातचं दूध प्यायले होते. मला तेवढं पुरलं. पंचनामा केला, दुधाचं भांडं सील करून तपासणीला धाडलं आणि बाईला कोठडीत टाकलं.

दोन दिवस मी तिला दरडावत होतो. ती एकच सांगायची, "साहेब, माज्या पोरांनी बी त्येच दूद पेलं. मी न्हाई काय घातलं." बाई निर्ढावलेली आहे, असं मी ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी घटनास्थळाचा नकाशा काढायला पुन्हा बंगल्यात गेलो. घरभर ओल आणि बुरशी, पण वकिलांची गादी मात्र कोरडी. खाटेखाली फरशीवर काळा गोल डाग. पावसासाठी खिडक्या बाहेरून गवताच्या तट्ट्यांनी गच्च झाकलेल्या. मी माळ्याला बोलावून त्या डागाबद्दल विचारलं, तसं त्याने सांगून टाकलं.

"लय गारठा लागत व्हता त्यास्नी. त्येंनीच कोळशाची शेगडी मागितली. सकाळी बगितलं आन् भ्यालो. शेगडी उचलून न्हेली."

"बायको आत असताना गप्प का बसलास?"

"दोनदा आलतो ठाण्यावर. शिपायानं हाकललं."

आरोपीचे नातेवाईक रडायला येतात, त्यांना दारात उभं करू नका, हा हुकूम माझाच होता. मला स्वतःची लाज वाटली.

दुधात काही सापडलं नाही; बंद खोलीत कोळशाच्या विषारी वायूने मृत्यू, असा डॉक्टरांनीही अभिप्राय दिला. बाई सुटली, पण तिचं दूध कोणी घेईना. महिन्याभराने मी मुद्दाम भरदुपारी गणवेशात तिच्या दारी गेलो. चार लोकांनी पाहावं म्हणून दूध मागितलं. तिने पेला पुढे केला. तो घेताना माझा हात अडखळला, क्षणभरच. तिने ते पाहिलं आणि पेला मागे घेतला.

"ऱ्हाऊ द्या साहेब. म्हशी इकल्यात, उद्या न्हेतील."

मीच तपास करून तिला निर्दोष ठरवलं होतं. तरीही त्या दारात मला माझ्याच मनातला संशय काढता आला नाही.