गर्वासीसची शेगडी

नींदकरा बंदरात गर्वासीसइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे. न जाणो, कुणी धीट समजून एखादं काम गळ्यात मारायचं! त्याला ढगांची भीती वाटे, पाद्रीबाबांच्या प्रवचनाची वाटे, पातेल्यात अजून हलणाऱ्या खेकड्याची तर फारच. 'स्टेला' बोटीवर तो स्वयंपाकी झाला तोही एवढ्याचसाठी, की शेगडीपुढे बसलं की समुद्राकडे पाठ होते.

अशा माणसाच्या वाट्याला संप आला.

मागच्या वादळात शेजारच्या बोटीवरचा एक खलाशी वाहून गेला. तेव्हापासून खलाशांच्या संघटनेची एकच मागणी होती : बोटीवर माणशी एक तरंगतं जॅकेट. "कोळ्याला जॅकेट? उद्या माशांनाही शिवाल!" असं 'स्टेला'चे मालक यूजिन म्हणाले आणि संघटनेनं संप पुकारला : उद्यापासून सगळ्या बोटी धक्क्याला. हे यूजिन म्हणजे गर्वासीसच्या लेकीचे बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता. तेव्हा भ्यायचं कुणाला, मालकाला की संघटनेला, हे त्याला ठरवता येईना. तो आळीपाळीने दोघांनाही भीत होता.

"उद्या घराबाहेर पाऊल टाकू नका," बायकोनं, ब्रिजितानं बजावलं.

"पाऊल? अगं, मला कूस बदलायची भीती वाटतेय!"

पण पहाटे चर्चची घंटा झाली. भीतीने डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या गुंगीत जन्माची सवय त्याला उठवून बोटीवर घेऊन गेली. त्यानं क्रूसाची खूण केली, काडी ओढली, करवंट्या धडाडून पेटल्या, आणि तेव्हा त्याला आठवलं, आज संप आहे!

शेगडी पेटली म्हणजे बोट निघाली, हा बंदराचा रिवाज. धूर दिसताच दोन्हीकडून माणसं धावली.

"शाब्बास रे माझ्या गर्वासीस!" यूजिननी बाहेरगावची भाडोत्री माणसं टेम्पोत बसवूनच आणली होती. "चढा रे, चढा!"

"गद्दारा!" संघटनेचा क्लीटस गरजला. "विझव ती!"

बोलून गेला आणि त्यानंच जीभ चावली. बोटीची पेटती शेगडी विझवली तर त्या बोटीचा माणूस बुडतो, हे तिथल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक. एवढ्या गर्दीत एकही हात पाण्याच्या बादलीकडे जाईना.

विझवावी तर माणूस जातो, ठेवावी तर संप मोडतो. गर्वासीसनं मासे ओढायची आकडी शेगडीच्या कडीत अडकवली, खाली ओलं गोणपाट धरलं आणि पेटती शेगडी उचलून तो धक्क्याला टेकवलेल्या फळीवरून लटपटत निघाला.

"अरे, कुठं चाललास?" मालक ओरडले.

"मलाच माहीत नाही, मालक! सरका, भाजेल!"

सगळे सरकले. संपकऱ्यांना बसायला संघटनेनं ताडपत्री ताणली होती; थेट तिच्याखाली त्यानं शेगडी टेकवली.

"विझवली नाही," तो धापा टाकत म्हणाला, "आणि बोटीवरही नाही. आता मारायचं असेल तर पटकन मारा, क्लीटसदादा. वाट बघायची फार भीती वाटते मला."

क्लीटसनं शेगडीजवळ बसकण मारली. मग म्हणाला, "तांदूळ आणा रे कुणीतरी."

भाडोत्री माणसंही कोळीच; त्यांनी बोटीवरची ती रिकामी, काळी जागा पाहिली. शेगडीवाचून समुद्रात जायला एकजण तयार होईना. दुपारी तीही पेज प्यायला पंगतीत येऊन बसली. मालक धक्क्यावरून नुसते बघत होते. त्या नजरेच्या धाकानं गर्वासीसनं पेजेत मीठ दोनदा टाकलं. तरी सगळ्यांनी ती संपवली.

संप मिटेपर्यंत ती शेगडी त्यानं विझू दिली नाही. विझली तर, या भीतीनं तो तिथंच झोपे.

अखेर जॅकेटं आली. सगळ्यांत आधी गर्वासीसनं घातलं, बोट अजून धक्क्यालाच बांधलेली असताना. मग ते अंगात तसंच ठेवून, पट्टे आवळून, तो यूजिन मालकांकडे माफी मागायला गेला.