भाच्याचा कान

अहमदपूरकडं मला सगळे कमांडो म्हणतात. खरं एवढंच की मी पंधरा वर्षं नौदलात होतो आणि तिथल्या कमांडोंच्या निवडीला एकदा गेलो होतो. तिसऱ्या दिवशी हातपाय बांधून पाण्यात सोडलं, तसा मी किंचाळलो. नाव मागं घेतलं. गावात कुणी विचारलं की मी नुसता हसायचो. त्या हसण्याचा लोकांनी काढलेला अर्थ मी कधी खोडला नाही.

दोन वर्षांपूर्वी उदगीरच्या बहिणीचा मुलगा जहाजावरून सुट्टीवर आला. तोही नौदलातच. त्यानंही त्याच निवडीला नाव दिलं होतं.

"मामा, तुम्ही त्यातून गेलाव. माझी तयारी करून घ्या."

शेतातल्या विहिरीत पाणी दोन पुरुष खोल होतं. मी त्याचे हात पाठीमागं बांधले, पाय बांधले. तो तळाला जायचा, रेटा देऊन वर यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा बुडायचा. मला जे जमलं नव्हतं, ते हा हसत करत होता.

दुसऱ्या दिवशी मी बांबू आणला. तो वर येऊ लागला की खांद्यावर टेकवून त्याला खाली दाबायचो.

"मामा, कान लई दुखायलाय."

"तिथं तुझी माय येत न्हाई कान बघायला. जा खाली."

चौथ्या दिवशी त्याच्या डाव्या कानातून मानेवर रक्त ओघळलं. मला ते दिसलं होतं. त्यानंतरही मी त्याला दोनदा दाबलं.

लातूरच्या डॉक्टरांनी पडदा फाटल्याचं सांगितलं. पुढं नौदलाच्या तपासणीत तो पाणबुड्याच्या कामाला कायमचा नापास झाला आणि कमांडोचा विषयच संपला.

जहाजावर परतण्याआधी तो घरी आला, माझ्या पाया पडला.

"मीच कच्चा निघालो, मामा. तुम्ही लई मेहनत घेतलाव."

"व्हतंय. समद्यांचं काम न्हाई ते," मी म्हणालो.

बहिणीनं त्याच्यासोबत शेंगदाण्याच्या पोळ्या पाठवल्या होत्या. तो गेल्यावर मी चार खाल्ल्या. त्या दुपारी मला फार शांत झोप लागली.