घड उतरवताना

आप्पा घड खाली ठेवायचे तेव्हा आवाज होत नसे. वीस-बावीस किलोचा केळीचा घड खांद्यावरून वाळक्या पानांच्या अंथरुणावर यायचा आणि पान चुरचुरायचंही नाही. टोळीतल्या बाकीच्यांचे घड टेकताना ऐकू यायचे. पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पायरीवर मी पुस्तकात डोकं घालून बसलेली असले, तरी कुठला घड आप्पांचा ते मला कळायचं. जो ऐकू आला नाही, तो.

आप्पा म्हणजे आमच्या मळ्यात केळी कापायला येणाऱ्या टोळीचे मुकादम. राहायला गावातल्या सिंधीपुऱ्यात. अंगाने बारीक, दंड तर माझ्या वडिलांपेक्षाही किरकोळ. टोळीत त्यांच्या दुप्पट रुंदीचे गडी होते, पण नवा माणूस आला की आप्पा त्याला आधी दिवसभर फक्त ठेवायला लावायचे. त्यांचं म्हणणं असं, "उचलायचं काय त्यात? कापणारा घड खांद्यावर देतो. बैलाच्या पाठीवरही देईल. उतरवायला माणूस लागतो." घड जरा आपटला की सालीला मार बसतो. त्या दिवशी काही दिसत नाही. पिकायला लागला की तेवढी जागा काळी पडते आणि व्यापारी तो बाजूला काढतो. तोपर्यंत कोणी आपटला हे शोधायची सोय उरलेली नसते, म्हणून आप्पा प्रत्येकाच्या खांद्याकडे बघत उभे राहायचे. गडी त्यांची चेष्टा करत. सलीम म्हणून एक उंच गडी होता, तो म्हणायचा की आप्पा, घडाला एखादी अंगाईपण म्हणा. आप्पा शांतपणे म्हणायचे, "तू झोपशील ना बे, म्हणून नाही म्हणत."

मी त्या लोकांशी फारशी बोलत नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, गल्लीत हिंदी. तिन्हीतलं कुठलं वाक्य आधी बाहेर येईल याचा भरवसा नसल्यामुळे मी गप्प राहायला शिकले होते. आप्पांना त्याचं काही वाटत नसावं. त्यांनी मला मार्क विचारले नाहीत, लग्नाचंही विचारलं नाही. एकदाच विचारलं, "काय वाची राहिली तू एवढं?"

तेव्हा मी इंदूरला फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि परीक्षेआधी घरी आले होते. धडा स्नायूंचा होता. स्नायू आखूड होताना जोर लावतो, हे मला पटत होतं. लांबी तेवढीच ठेवूनही जोर लावतो, हेही पटत होतं. पण लांब होत असतानासुद्धा तो जोर लावतो, उलट तेव्हा सगळ्यात जास्त भार पेलतो, हे मी नुसतं पाठ केलं होतं. अडखळत मी ते आप्पांना सांगितलं. त्यांनी हौदातून बादली भरून घेतली, कोपर वाकवून ती वर धरली आणि मला म्हणाले, "इथं बोटं ठेव." मी त्यांच्या दंडावर बोटं ठेवली. त्यांनी बादली सावकाश खाली आणली. कोपर उघडत होतं, दंडाचा स्नायू बोटांखाली लांब होत होता, आणि तरी दगडासारखा घट्ट होता. मग बादली पुन्हा वर घेतली आणि एकदम सोडली. स्नायू मऊ. पाणी माझ्या सलवारीवर.

"ते ठेवणं होतं," आप्पा म्हणाले. "हे टाकणं."

मग आत काय चालतं ते मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. स्नायूच्या आत जाड आणि बारीक असे धागे असतात. जाड धाग्यांना बारीक बारीक हात असतात. विहिरीतून दोर ओढावा तसे ते हात पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पकडतात. गंमत अशी की सोडण्यासाठी शरीराला इंधन द्यावं लागतं. ते मिळालं नाही तर हात पकडलेलेच राहतात. आप्पांनी रिकामी बादली हौदाच्या काठावर पालथी ठेवली. मग म्हणाले, "म्हणून मेल्यावर माणूस ताठतो." माझ्या पुस्तकात हेच पुढच्या पानावर होतं. मी त्यांना तसं सांगितलं नाही, का ते आता आठवत नाही.

पास झाल्यावर मी गावी परत येऊन शनवाऱ्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत काम करायला लागले. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आप्पा तिथे आले. उजवा खांदा रात्री ठणकतो, म्हणाले. मी त्यांचा हात बाजूने वर, खांद्याच्या रेषेत नेला आणि आता सावकाश खाली आणा म्हणून सांगितलं. ही तपासणी आम्हाला सगळ्यात आधी शिकवतात. हात थोडा खाली आला आणि मग एकदम पडला. आप्पांनी तो स्वतःच डाव्या हाताने उचलला, पुन्हा वर नेला आणि सोडून पाहिला. पुन्हा पडला.

डॉक्टरांनी सोनोग्राफी करवली. खांद्याच्या स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी तुटली होती. तूट जुनी होती, शिवण्याच्या पलीकडे गेलेली. स्नायू अजून ओढत होता, पण त्याच्या टोकाला काही बांधलेलं नव्हतं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं. श्रावणात केळीला मागणी असते, तेव्हाच आमची कापणी होती.

"श्रावणात घड घेईन ना मी?"

मी व्यायामाबद्दल बोलायला लागले. त्यांनी ते संपू दिलं आणि प्रश्न पुन्हा विचारला. मी "नाही" म्हणाले. कुणाला इतकं सरळ नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ होती. ते मान हलवून उठले आणि म्हणाले की टोळीला मी सांगतो, तू कुठं बोलू नको.

कापणीच्या सकाळी मी मळ्यात होते. त्यांनी कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. पहिला घड मुकादमाचा असतो. तो खाली टेकल्याशिवाय दुसरा कोणी ठेवत नाही. आप्पा गोणपाटाची गादी खांद्यावर टाकून झाडाखाली उभे राहिले. कापणाऱ्याने कोयता चालवला आणि घड खांद्यावर आला. ते पानांपर्यंत नीट चालत आले, आणि थांबले.

मागे पाच-सहा गडी आपापले घड घेऊन उभे. दुसऱ्याच्या खांद्यावरच्या घडाला कोणी हात लावत नाही, तो त्या माणसाचा अपमान असतो. मुकादमाच्या घडाला तर नाहीच. आप्पांनी गुडघे वाकवले, परत सरळ केले. हात थरथरायला लागला. एका स्नायूतले धागे थकतात, शरीर दुसऱ्यांना कामाला लावतं, मग तेही थकतात. ती थरथर म्हणजे काय हे तिथं फक्त मला माहीत होतं. सलीम हिंदीत म्हणाला, "आप्पा, क्या हुआ, मुहूर्त देख रहे हो क्या?" कोणी हसलं नाही. मी बोलले असते तर सगळ्यांना कळलं असतं. नाही बोलले तर घड पडणार होता, त्यांच्याच हातून, त्यांनी शिकवलेल्या सगळ्यांसमोर.

मी पायरीवरून उठले. त्या सगळ्यांमधून जाऊन आप्पांच्या जवळ उभी राहिले आणि दोन्ही तळहात त्यांच्या उजव्या कोपराखाली लावले. घडाला हात लावला नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाले, "घाई करू नको."

आम्ही उतरवला. किती वेळ लागला माहीत नाही. माझेही दंड दोन दिवस दुखत होते, लांब होताना काम केलेले स्नायू दुखतात तसे. घड टेकल्यावर आप्पांनी खांद्यावरची गादी काढली, सलीमच्या खांद्यावर टाकली आणि पाणी प्यायला हौदाकडे गेले. सलीमने ती गादी नीट बसवून घेतली. त्या दिवशी कोणी चेष्टा केली नाही.

दिवाळीनंतर ते रावेरला मुलीकडे राहायला गेले. जाण्याआधी दवाखान्यात आले, म्हणाले व्यायाम लिहून दे. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्या अक्षरात मराठीत लिहायला बसले आणि दोनदा खोडलं. आप्पा समोर थांबून होते.

मी न राहवून विचारलं, "मी नाही म्हटलं होतं, तरी त्या दिवशी घड का घेतलात?"

"तू सांगितलं ते मी त्याच दिवशी ऐकलं होतं बेटा," ते म्हणाले. "खांद्यानं ऐकलं नव्हतं."